बसून ऐकण्यासाठी रचलेले टेक्नो

शेफिल्डच्या ‘वॉर्प’ या स्वतंत्र लेबलाने, म्हणजे तबकड्या काढणाऱ्या छोट्या कंपनीने, १९९२ साली ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ नावाचे टेक्नोचे, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या नाचाच्या संगीताचे, एक संकलन काढले होते. मागच्या अंकात त्याचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच एका संकलनाला द्यावे असे ठरवले. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांबलेल्या पत्रांतला मुख्य प्रश्न तेवढा येथे छापला आहे.

प्रश्न : ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे शब्द हल्ली फक्त संगणकाच्या संदर्भात कानावर पडतात. नाचाच्या संगीताच्या एका तबकडीला तीस वर्षांपूर्वी हे नाव का दिले गेले असावे? शिवाय वेगवेगळ्या कलाकारांचे दहा ट्रॅक एकत्र केले, एवढ्याने एखादे संकलन महत्त्वाचे कसे ठरते? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : आधी लेबलाविषयी सांगतो, कारण त्याशिवाय संकलनाचा अर्थ लागणार नाही. शेफिल्ड हे इंग्लंडच्या उत्तरेकडचे पोलादाचे शहर. सुऱ्या-कात्र्यांपासून अवजड ओतकामापर्यंत सगळे तेथे होत असे, आणि ऐंशीच्या दशकात तेथील बरेच कारखाने बंद पडले होते. स्टीव्ह बेकेट आणि रॉब मिचेल हे दोघे या शहरात रेकॉर्डचे दुकान चालवत होते. ध्वनिमुद्रणात मुरलेला रॉबर्ट गॉर्डन त्यांना येऊन मिळाला आणि तिघांनी १९८९ साली ‘वॉर्प’ सुरू केले. पहिली तबकडी ‘फोर्जमास्टर्स’ या गटाची होती, ज्यात गॉर्डन स्वतः होता, आणि गटाचे नाव शहरातल्याच एका मोठ्या पोलाद कारखान्यावरून घेतलेले होते. बेरोजगारांनी स्वतःचा व्यवसाय उभारावा म्हणून सरकार त्या काळी जे अनुदान देत असे, त्याच्या आधाराने या तबकडीच्या ५०० प्रती निघाल्या. पुढच्याच वर्षी लीड्सच्या ‘एलएफओ’ या जोडीचा, त्याच नावाचा ट्रॅक ब्रिटिश विक्रीच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत पोहोचला. छातीत घुमणारा खर्ज आणि त्यावर प्रयोगशाळेतल्या उपकरणासारखे टोकदार, कोरडे सूर, अशी या सुरुवातीच्या तबकड्यांची घडण होती, आणि त्या पूर्णपणे नाचण्यासाठीच बनवलेल्या होत्या.

१९९१-९२पर्यंत इंग्लंडमधल्या रेव्हचे, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या मेळाव्यांचे, संगीत झपाट्याने वेगवान झाले. तोडून जोडलेले ड्रम, वेग वाढवून बारीक केलेले मानवी आवाज, आणि काही आठवडे वाजून विस्मरणात जाणाऱ्या तबकड्यांचा पूर असे त्याचे रूप होते. त्याच सुमारास काही तरुण घरच्या खोलीत, जुन्या बाजारातून घेतलेल्या यंत्रांवर, वेगळ्या स्वभावाचे ट्रॅक करत होते. त्यांचा पाया टेक्नोचाच होता, पण त्यांत धून होती, उसंत होती, आणि नाचाच्या मजल्यावर त्यांपैकी बरेच ट्रॅक चालले नसते. बेकेट यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे, की क्लबमधून घरी परतल्यावर, क्राफ्टवेर्क किंवा पिंक फ्लॉइड या गटांची तबकडी लावून बसावे तसे बसून ऐकता येईल, असे संगीत त्यांना काढायचे होते. जुलै १९९२मध्ये निघालेल्या या संकलनाच्या वेष्टनावर ही इच्छा चित्रातूनच मांडलेली आहे. फिल वोल्स्टनहोम यांनी संगणकावर केलेल्या त्या चित्रात एक यंत्रमानव आरामखुर्चीत रेलून संगीत ऐकत आहे, आणि जमिनीवर क्राफ्टवेर्कच्या ‘ऑटोबान’ व पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या तबकड्यांची वेष्टने पडलेली आहेत. वेष्टनावरच्या उपशीर्षकातही या संगीताला ऐकण्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत असे म्हटले होते. नावाबद्दल माझे मत असे, की ‘हे सगळे यंत्रच करते, यात माणसाचे काय?’ या त्या काळच्या सर्रास आक्षेपाला लेबलाने दिलेले ते उत्तर आहे. यंत्र ऐकू शकते आणि तल्लीनही होऊ शकते, असे ते चित्र म्हणते.

आता संकलनाच्या महत्त्वाविषयी. या दहा ट्रॅकमागची माणसे निरनिराळ्या ठिकाणची होती आणि बहुतेकांनी टोपणनावे घेतलेली होती. ‘द डाइस मॅन’ म्हणजे कॉर्नवॉलचा रिचर्ड डी. जेम्स, जो पुढे ‘एफेक्स ट्विन’ म्हणून ओळखला गेला. ‘म्युझिकॉलॉजी’ या नावामागे ‘बी१२’ हे स्वतःचे लेबल चालवणारे माइक गोल्डिंग आणि स्टीव्ह रटर होते. ‘ऑटेकर’ ही रॉचडेलच्या शॉन बूथ आणि रॉब ब्राउन यांची जोडी. ‘आय.ए.ओ.’ हे नाव लंडनच्या ‘द ब्लॅक डॉग’ या गटातले. ‘स्पीडी जे’ म्हणजे रॉटरडॅमचा योखेम पाप. ‘अप!’ या नावाने आलेला ट्रॅक रिची हॉटिनचा होता, जो डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडच्या कॅनडातील विंडसर गावात राहून ‘प्लस ८’ हे लेबल चालवत होता. शेवटचा ट्रॅक ‘द ऑर्ब’ या गटाच्या अॅलेक्स पॅटरसनचा.

ही माणसे एकमेकांच्या शेजारी बसवली जाईपर्यंत त्यांच्यात काही समान आहे, हे फारसे कुणाला सुचलेले नव्हते. एकेकाची तबकडी सुटी ऐकली तर ती टेक्नोतली एक लहर वाटली असती. दहा ट्रॅक सलग ऐकले की त्यांतून एक भूमिका उभी राहते. चांगला संकलक निवडतो आणि क्रम लावतो, आणि त्या दोन कृतींतून संगीताविषयी एक विधान करतो. ‘वॉर्प’चे विधान असे होते, की टेक्नोला नाचाच्या मजल्याबाहेरही आयुष्य आहे. परंतु विधान करणे सोपे असते. या संकलनाला खरे वजन आले ते पुढच्या दोन वर्षांत, कारण लेबलाने यातल्या बहुतेकांना स्वतंत्र, पूर्ण लांबीचा अल्बम करायला दिला. ‘पॉलिगॉन विंडो’ या नावाने जेम्सचा ‘सर्फिंग ऑन साइन वेव्ह्ज’, ‘ब्लॅक डॉग प्रॉडक्शन्स’चा ‘बाइट्स’, ‘बी१२’चा ‘इलेक्ट्रो-सोमा’, ‘फ्यूज’ या नावाने हॉटिनचा ‘डायमेन्शन इन्ट्रूजन’, ‘स्पीडी जे’चा ‘जिंजर’ आणि ‘ऑटेकर’चा ‘इन्क्युनाब्युला’ हे सहाही अल्बम १९९३ साली आले आणि १९९४मध्ये संकलनाचा दुसरा भाग निघाला. ज्या संकलनामागे लेबल एवढे ठाम उभे राहते ते टिकते. अनेक संकलने नावापुरती निघतात आणि त्यांतले कलाकार पुन्हा कुठे ऐकूही येत नाहीत.

प्रश्न : मी ध्वनिमुद्रणाचा विद्यार्थी आहे. टेक्नो बारा इंची तबकड्यांवर वाढले असे वाचले आहे. मग हे संकलन अल्बमच्या रूपात का आले? लहान लेबले अशा संकलनाचे हक्क आणि पैसे यांची व्यवस्था कशी करतात, हेही कळले तर बरे होईल. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे तबकडीच्या भौतिक मर्यादेत आहे. विनाइलवर आवाज खाचेच्या हालचालीच्या रूपात कोरला जातो. खर्जाच्या सुरांसाठी खाच अधिक रुंद हलवावी लागते, आणि आवाजाची पातळी वाढवली तर आणखी रुंद. म्हणून एका बाजूला एकच ट्रॅक घेऊन, बहुधा मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीने कोरलेली बारा इंची तबकडी क्लबमध्ये दणदणीत वाजते. त्याच आकाराच्या तबकडीवर एका बाजूला वीस-बावीस मिनिटे बसवायची झाली, तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात आणि पातळी व खर्ज या दोहोंना कात्री लागते. डीजेच्या दृष्टीने हा तोटा आहे. घरी बसून ऐकणाऱ्याला मात्र पातळीची चिंता नसते, कारण त्याच्या हातात आवाज वाढवण्याची कळ असते. त्याला हवी असते सलगता. शिवाय याच काळात सीडी घरोघर पोहोचत होती. तिच्यात सुमारे ७४ मिनिटे मावत, बाजू उलटावी लागत नसे, आणि अगदी हळू आवाजात उमटणारा, विरत जाणारा सूर पृष्ठभागाच्या खरखरीत हरवत नसे. ‘ऐकण्याचे टेक्नो’ ही कल्पना नव्वदच्या सुरुवातीलाच का फळली, याचे एक कारण सीडी हे आहे, असे मला खात्रीने वाटते. या विषयावर लिहिताना त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही.

यंत्रांचाही यात वाटा आहे. रोलंड कंपनीची टीआर-८०८ आणि टीआर-९०९ ही ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे खर्जाचे छोटे यंत्र ही १९८०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आली. खऱ्या ड्रमसारखा किंवा बेस गिटारसारखा आवाज येत नाही म्हणून ती फार चालली नाहीत आणि जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. १९८३पासून ‘मिडी’ या सर्वमान्य पद्धतीमुळे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांना जोडता येऊ लागली, आणि एखाद्या साध्या घरगुती संगणकावरून ती सगळी एका लयीत चालवता येऊ लागली. स्टुडिओचे तासाचे भाडे डोक्यावर नसल्यामुळे एखादा सूर मनासारखा लागेपर्यंत रात्ररात्र घालवता येई. अशा निवांतपणातून जे संगीत निघते ते क्लबच्या घाईतून निघणाऱ्या संगीतापेक्षा वेगळे असणे स्वाभाविक आहे.

हक्कांविषयी थोडक्यात. प्रत्येक ट्रॅकवर दोन वेगळे हक्क असतात, एक ध्वनिमुद्रणाचा आणि दुसरा रचनेचा. ट्रॅक आधीच एखाद्या लेबलाने काढलेला असेल तर त्या लेबलाकडून ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक प्रदेशासाठी परवाना घ्यावा लागतो. नवा करवून घेतला असेल तर करार थेट कलाकाराशी होतो. रचनेच्या हक्काचे मानधन प्रत्येक प्रतीमागे वेगळे द्यावे लागते. इंग्लंडमधल्या अनेक स्वतंत्र लेबलांत खर्च वजा जाता उरलेला नफा लेबल आणि कलाकार यांनी निम्मा-निम्मा वाटून घ्यावा, असा प्रघात होता. मोठ्या कंपन्यांच्या टक्केवारीपेक्षा तो कलाकाराला अनुकूल असतो, पण एका संकलनात सात-आठ कलाकार असले की कलाकारांच्या वाट्याची निम्मी रक्कम पुन्हा ट्रॅकच्या प्रमाणात विभागली जाते आणि हाती थोडेच येते. संकलनातून कुणी श्रीमंत होत नाही. कलाकाराला त्यातून नाव मिळते आणि लेबलाला पुढच्या अल्बमसाठी श्रोता मिळतो. आपण स्वतः असे काही काढण्याचा विचार करत असाल, तर मित्रांचे ट्रॅक असले तरी मुदत, प्रदेश, डिजिटल हक्क आणि हिशेब देण्याची तारीख या चार गोष्टी लेखी घ्याव्यात. मैत्री आणि मानधन दोन्ही त्यामुळे सुरक्षित राहतात.

प्रश्न : मी तबला शिकवतो. मुलाने हे संकलन मला आवर्जून ऐकवले. ठेका स्वच्छ आहे, सूरही कानाला गोड आहेत, पण तेच ते पुन्हा पुन्हा येते आणि पाच मिनिटांनी माझे लक्ष उडते. हे ऐकायचे कसे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्यासारख्या श्रोत्याला हे संगीत उमगायला वेळ लागू नये, कारण पुनरावृत्तीच्या आधाराने ऐकण्याची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. स्वतंत्र तबलावादनात लेहरा, म्हणजे साथीची फिरती धून, तासभर तोच चालू असतो आणि कुणी जाणकार ‘लेहरा बदलत नाही’ अशी तक्रार करत नाही. तो स्थिर आहे म्हणूनच कायदा कसा उलगडला, पलटा कुठे वळला आणि तिहाई समेवर कशी आली, हे दिसते. टेक्नोतही पुनरावृत्ती हा आधार आहे; फरक एवढाच, की बदल कुठे घडतो ते ठिकाण वेगळे आहे. आपला कान बोलांच्या रचनेत किंवा स्वरांच्या क्रमात बदल शोधतो. येथे स्वरांचा क्रम तोच ठेवून आवाजाचा पोत बदलला जातो.

तो कसा, हे यंत्राच्या भाषेत सांगतो. सिंथेसायझरमध्ये फिल्टर नावाचा भाग असतो. कोणत्याही सुरात मूळ स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर मिसळलेले असतात, आणि फिल्टर ठरावीक मर्यादेच्या वरचे उपस्वर अडवतो. मर्यादा खाली असली की आवाज बंद दाराआडून यावा तसा मंद येतो. ती हळूहळू वर नेली की तोच स्वर उजळत जातो, धारदार होतो. कलाकार त्या एका बटणावर हात ठेवून दोन-तीन मिनिटे हा प्रवास घडवतो. दुसरा बदल थरांचा. मूळ ठोक्यावर आधी झांज येते, मग खर्ज, मग लांबवलेले सुरांचे पुंजके. नंतर अचानक ठोका काढून घेतला जातो आणि उरलेले सगळे अधांतरी राहते. ठोका परत येतो ती जागा बहुधा आठ किंवा सोळा आवर्तनांच्या हिशेबाने ठरलेली असते, आणि हा हिशेब आपल्या लक्षात इतरांपेक्षा आधी येईल.

माझी सूचना अशी. ‘स्पीडी जे’चा ‘डी-ऑर्बिट’ हा ट्रॅक घ्यावा. पहिल्यांदा फक्त खर्जाची ओळ ऐकावी, ठोक्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करावे. दुसऱ्यांदा वरची धून कुठून सुरू होते आणि दर खेपेस तिच्यासोबत काय बदललेले असते, एवढेच पाहावे. तिसऱ्या खेपेस काहीही न ठरवता ऐकावे. नंतर ‘फिल ३’कडे वळावे, तो त्याच कलाकाराचा आहे आणि त्यात ठोक्याचा आधार जवळजवळ सोडून दिलेला आहे. लहान स्पीकरवर किंवा मोबाइलवर मात्र हे ऐकू नये, कारण खर्ज ऐकू आला नाही तर अर्धी रचनाच नाहीशी होते आणि मागे उरते ती फक्त आपण म्हणता ती पुनरावृत्ती.

प्रश्न : या प्रकाराला पुढे ‘बुद्धिमान नृत्यसंगीत’ अशा अर्थाचे नाव पडले. म्हणजे बाकीचे टेक्नो निर्बुद्ध का? टेक्नो तर डेट्रॉइटच्या कृष्णवर्णीय संगीतकारांनी घडवले. (एक वाचिका, पुणे)

उत्तर : आपला आक्षेप योग्य आहे आणि या संकलनावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनीच तो सर्वांत गंभीरपणे घ्यायला हवा. टेक्नोची उभारणी हुआन अॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन यांनी डेट्रॉइट आणि शेजारचे बेलव्हिल येथे केली. तिघांचीही स्वतःची छोटी लेबले होती : अॅटकिन्सचे ‘मेट्रोप्लेक्स’, मेचे ‘ट्रान्समॅट’ आणि सॉन्डरसनचे ‘केएमएस’. बाहेरच्या जगाला हे संगीत टेक्नो या नावाने कळले तेही एका संकलनामुळेच. १९८८ साली नील रश्टन यांनी निवडलेले ते संकलन लंडनच्या ‘१० रेकॉर्ड्स’ या ‘व्हर्जिन’च्या उपलेबलाने काढले होते. म्हणजे डेट्रॉइटच्या स्वतंत्र लेबलांचे काम जगापुढे आले ते एका मोठ्या कंपनीच्या शिक्क्याखाली आणि दूरच्या देशातून.

चार वर्षांनी ‘वॉर्प’चे संकलन आले, तेव्हा त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅकवर डेट्रॉइटची छाया होती. ‘बी१२’च्या तबकड्या तर त्या शहराच्या प्रेमातच केलेल्या आहेत, आणि हॉटिन नदी ओलांडून तेथल्या क्लबांत वावरलेला. तरीही त्या दहा ट्रॅकमध्ये डेट्रॉइटच्या एकाही कृष्णवर्णीय कलाकाराचा समावेश नाही. धुनीचा हळवेपणा, अवकाशाची ओढ, यंत्रातून व्यक्त होणारी उदासी, हे सगळे मे आणि अॅटकिन्स यांच्या तबकड्यांत आधीच होते, आणि त्यांवर लोक नाचतही होते. त्यामुळे बुद्धीने ऐकण्याचे एक टेक्नो आणि शरीराने ऐकण्याचे दुसरे, अशी वाटणी इतिहासाला धरून नाही. खुद्द ‘वॉर्प’ नाचाच्या मजल्यावरच जन्मले, आणि शेफिल्डचा तो पहिला आवाज घडवण्यात रॉबर्ट गॉर्डन आणि ‘फोर्जमास्टर्स’मधला विन्स्टन हेझल या कृष्णवर्णीय संगीतकारांचा वाटा मोठा होता, पण गॉर्डन लवकरच लेबलातून बाहेर पडला. आपण म्हणता ते नाव लेबलाने दिलेले नाही. ते १९९३नंतर श्रोत्यांच्या चर्चेतून रूढ झाले, आणि ते ज्यांना लागू केले गेले त्यांतल्या कित्येक कलाकारांनी ते नाकारले आहे. लेबलावर जबाबदारी येते ती निवडीची, आणि त्या निवडीत ही उणीव आहे.

त्याच काळातला दुसरा मार्ग पाहायचा असेल तर बर्लिनकडे पाहावे. भिंत पडल्यानंतर, मार्च १९९१मध्ये, डिमिट्री हेगेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहराच्या पूर्व भागात एका जुन्या, उद्ध्वस्त डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातील तिजोरीच्या खोलीत ‘ट्रेझोर’ हा क्लब उघडला आणि त्याच नावाचे लेबल सुरू केले. त्या लेबलाची पहिलीच तबकडी डेट्रॉइटच्या ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या गटाकडून आली, आणि १९९३च्या संकलनाच्या नावातच बर्लिन आणि डेट्रॉइट यांच्या युतीचा उल्लेख होता. ज्यांच्याकडून घेतले त्यांना आपल्या शेजारी बसवण्याची ही रीत मला अधिक न्याय्य वाटते, जरी संगीत म्हणून मी ‘वॉर्प’च्या संकलनाकडे अधिक वेळा परततो.

प्रश्न : मी लेस्टरमध्ये राहतो. रेव्हवर बंदी आणणाऱ्या येथील कायद्याचा आणि या कलाकारांचा काही संबंध होता का? (एक वाचक, इंग्लंड)

उत्तर : थेट संबंध होता. मे १९९२मध्ये वूस्टरशरमधल्या कॅसलमॉर्टन येथील माळावर हजारो लोक अनेक दिवस विनापरवाना नाचत राहिले, त्यावरून वर्तमानपत्रांत आणि संसदेत गदारोळ झाला, आणि त्याची परिणती १९९४च्या फौजदारी न्यायविषयक कायद्यात झाली. त्या कायद्याच्या ६३व्या कलमात, पोलिसांना जे मेळावे हटवता येतील त्यांतल्या संगीताची व्याख्या करताना ‘एकामागून एक येणारे पुनरावृत्त ठोके’ अशा आशयाचे शब्द घातले गेले. ‘ऑटेकर’ने त्याच वर्षी ‘अँटी’ नावाची तबकडी काढून याला उत्तर दिले. तिच्यातल्या ‘फ्लटर’ या ट्रॅकचे ठोके असे योजलेले आहेत की त्यातले कोणतेही आवर्तन दुसऱ्यासारखे नाही. म्हणजे कायद्याच्या व्याख्येत तो बसूच नये. पोलिसांनी अडवल्यास हे सिद्ध करण्यासाठी डीजेंनी सोबत एक वकील आणि एक संगीतशास्त्रज्ञ ठेवावा, असा सल्ला वेष्टनावर छापलेला होता. विक्रीचे उत्पन्न नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘लिबर्टी’ या संस्थेला देण्यात आले. आरामखुर्चीत बसून ऐकणाऱ्यांचे संगीतकार म्हणून ज्यांची गणना होत होती, ते नाचणाऱ्यांच्या हक्कासाठी असे उभे राहिले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रश्न : असे संगीत मुंबईत चरणजित सिंग यांनी आधीच केले होते, असे ऐकले. खरे काय? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसृष्टीतले वादक. त्यांनी १९८२ साली रोलंडची ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने ती तबकडी काढली. शिकागोमध्ये टीबी-३०३चा पीळदार आवाज वापरून अॅसिड हाउस या नृत्यसंगीताच्या तबकड्या निघाल्या त्या याच्या काही वर्षे नंतर, आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐकल्यास साम्य थक्क करणारे आहे. मीड आणि गमक यांसाठी त्यांना ते यंत्र सोयीचे वाटले असणार, कारण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मुळातच आहे. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही, आणि २०१० साली हॉलंडच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलाने ती पुन्हा काढल्यावर जगाला तिचा पत्ता लागला. त्यामुळे शिकागो, डेट्रॉइट किंवा शेफिल्ड येथील कुणी ती ऐकून प्रेरणा घेतली, असे म्हणायला आधार नाही. सिंग यांनी एक स्वतंत्र वाट काढली होती, आणि तिच्या थोरवीला दुसऱ्या कुणाच्या आधी असण्याची गरज नाही.

प्रश्न : हे संकलन आज मिळते का, आणि त्यानंतर काय ऐकावे? (अनेक वाचक)

उत्तर : तीस वर्षे झाल्यानिमित्त ‘वॉर्प’ने २०२२च्या अखेरीस ते विनाइलवर पुन्हा काढले, आणि डिजिटल स्वरूपातही ते ऐकता येते. क्रम न बदलता, ‘पॉलिगॉन विंडो’ या पहिल्या ट्रॅकपासून पॅटरसनच्या ‘लव्हिंग यू लाइव्ह’पर्यंत सलग ऐकावे. पॅटरसनने १९८९मध्ये लंडनच्या ‘हेवन’ या क्लबमध्ये, नाचून थकलेल्यांसाठी ठेवलेल्या वेगळ्या खोलीत, संथ संगीत वाजवण्याचा पायंडा पाडला होता. त्याचा ट्रॅक शेवटी का आहे, हे त्यावरून कळते. त्यानंतर धुनीची आवड असणाऱ्यांनी ‘इलेक्ट्रो-सोमा’ घ्यावा, तालाच्या गुंतागुंतीत रमणाऱ्यांनी ‘बाइट्स’. ‘इन्क्युनाब्युला’ मात्र सर्वांनीच ऐकावा, कारण त्यातला ‘एगशेल’ हा या संकलनातल्या ‘द एग’चाच पुढचा अवतार आहे. दोन्ही लागोपाठ लावले, तर त्याच धुनीवर एका वर्षात त्या दोन तरुणांनी काय काम केले, ते स्पष्ट ऐकू येते.